सिम्युलेशनमधली उत्क्रांती: अनुकूलन कोणतं आणि निव्वळ योगायोग कोणता, हे तपासायचं कसं?

संगणकात एक छोटं जग उभं केलं. पटावर अन्नाचे दाणे टाकले, २०० जीव सोडले. सुरुवातीला प्रत्येकाला तीन घरांपर्यंतचं दिसत होतं. ४०० पिढ्यांनंतर पाहिलं तर सरासरी नजर पाच घरांवर गेलेली. आलेख छान वर चढलेला. लगेच स्पष्टीकरण सुचतं: लांबचं दिसणाऱ्याला अन्न आधी सापडतं, म्हणून नजर वाढली.

पण नजर तीनवरून एकवर आली असती तर? तेव्हाही स्पष्टीकरण तयारच असतं: लांब पाहायला ऊर्जा खर्च होते, म्हणून नजर आखूड झाली. निकाल कुठलाही लागला तरी कारण हाताशी असेल, तर त्या आलेखाने अजून काहीच सिद्ध केलेलं नाही. दिसेल त्या गुणाला 'हा अमुक फायद्यासाठी आला' असं म्हणून मोकळं होण्याच्या सवयीवर स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवोन्टिन यांनी १९७९ मध्ये कडक टीका केली होती. खऱ्या निसर्गात हे तपासणं अवघड असतं, हे मान्य. सिम्युलेशनमध्ये मात्र काळ मागे नेता येतो, निवड बंद करता येते, एकच जनुक बदलून तेच जग पुन्हा चालवता येतं. इतकं सगळं हातात असताना नुसत्या आलेखावर थांबणं मला पटत नाही.

पायथन किंवा नेटलोगोमध्ये स्वतःचं मॉडेल लिहिणाऱ्यांना, आणि अव्हिडा, स्लिम यांसारखी तयार साधनं वापरणाऱ्यांनाही, पुढच्या पायऱ्या सारख्याच लागू पडतात. जनुक, म्युटेशन आणि निवड म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. ड्रिफ्ट म्हणजे फायदा-तोट्याशी संबंध नसताना, केवळ कोणाची पिल्लं जगली आणि कोणाची नाही या योगायोगाने होणारा बदल.

पायरी १: मॉडेल चालवण्याआधी दावा लिहून ठेवा

कोणता गुण, कोणत्या दिशेने, कोणत्या परिस्थितीत आणि का बदलेल, हे दोन ओळींत लिहा. 'अन्न विरळ असेल तर नजर वाढेल, दाट असेल तर वाढणार नाही' हा तपासता येण्याजोगा दावा आहे. 'जीव परिस्थितीशी जुळवून घेतील' हा नाही. विरळ आणि दाट अशा दोन्ही जगांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. अनुकूलन परिस्थितीला धरून असतं, त्यामुळे परिस्थिती बदलल्यावर निकालही बदलायला हवा.

मॉडेलमध्ये बारा गुण असतील आणि सगळं झाल्यावर सर्वांत जास्त हललेला गुण उचलून त्याचं कारण शोधलंत, तर पुढची आकडेमोड कितीही काटेकोर असली तरी वाया जाते. का, ते पाचव्या पायरीत आकड्यांनिशी येईल.

पायरी २: ड्रिफ्ट एकटा किती लांब नेऊ शकतो, याचा कागदावर हिशेब करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त डोळे हीच उघडते.

सोपी बाजू आधी घेऊ. समूह २०० जीवांचा, लैंगिक प्रजनन नाही, एका जनुकाची दोन रूपं निम्मी-निम्मी. पुढच्या पिढीतला प्रत्येक जीव आधीच्या पिढीतून यादृच्छिक पालक निवडतो. एका पिढीत प्रमाणात होणाऱ्या बदलाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरतात याचं माप) म्हणजे ०.२५ भागिले २०० याचं वर्गमूळ, साधारण ०.०३५. साडेतीन टक्के म्हणजे किरकोळ वाटतं. पण पिढ्यांमागून पिढ्या हे साचत जातं. 't' पिढ्यांनंतरचं विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ०.२५ × (१ − (१ − १/२००) चा t वा घात) इतकं होतं. दहा पिढ्यांनी प्रमाण विचलन ११ टक्क्यांवर पोचतं आणि पन्नास पिढ्यांनी साडेतेवीस टक्क्यांवर. म्हणजे ५० टक्क्यांवर असलेलं रूप पन्नास पिढ्यांत ७३ टक्क्यांवर गेलं, तर त्यात नवल काहीच नाही. कसलीही निवड नसताना साधारण तीनपैकी एका फेरीत ते इकडे किंवा तिकडे याहून जास्त सरकलेलं असेल. समूह १०,००० चा केला तर तेवढ्याच काळात प्रमाण विचलन फक्त साडेतीन टक्के राहतं, आणि मग तोच ७३ चा आकडा खरोखर दखल घेण्याजोगा ठरतो.

हे फक्त समीकरणात घडतं असं समजू नका. पीटर ब्यूरी यांनी १९५६ मध्ये फळमाश्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. १०७ वेगवेगळे समूह, प्रत्येकात ८ नर आणि ८ माद्या, डोळ्यांच्या रंगाशी संबंधित जनुकाची दोन रूपं सुरुवातीला समसमान. १९ पिढ्यांनंतर ३० समूहांतून एक रूप पूर्ण नाहीसं झालं होतं, तर २८ समूहांत तेच एकटं उरलं होतं. त्या २८ पैकी एकच बाटली कोणाच्या हाती लागली असती, तर त्याने खुशाल 'या रूपाला मोठा फायदा होता' असं लिहिलं असतं.

आता आपल्या नजरेच्या जनुकाकडे येऊ, कारण सिम्युलेशनमध्ये गुण बहुधा असे मोजमापाचे असतात. समजा प्रत्येक पिल्लात म्युटेशनची शक्यता १० टक्के, आणि म्युटेशन झालं तर नजर सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन अर्धं घर अशा पावलाने बदलते. एका वंशरेषेत दर पिढीला वाढणारं विचरण ०.१ × ०.२५, म्हणजे ०.०२५. ४०० पिढ्यांत ते १० होतं. प्रमाण विचलन झालं ३.२ घरं. समूहाच्या सरासरीचं थोडं कमी येतं, कारण त्यातला काही फरक समूहाच्या आत, जीवाजीवांत विखुरलेला राहतो. २०० च्या समूहासाठी तो वजा केला की साधारण २.४ घरं उरतात.

आपली नजर वाढली होती दोन घरांनी! म्हणजे एका प्रमाण विचलनाहूनही कमी.

यात अजून एक गोष्ट दडलेली आहे. पिढ्यांची संख्या समूहाच्या आकाराच्या मानाने खूप मोठी असेल, तर या सरासरीच्या भटकण्याचा वेग समूहाच्या आकारावर अवलंबून राहत नाही. 'माझा समूह मोठा आहे, म्हणून ड्रिफ्टची काळजी नको' हा युक्तिवाद लांब चालणाऱ्या फेऱ्यांत टिकत नाही.

शिवाय नजर शून्याखाली जाऊ शकत नाही. हा हिशेब ती मर्यादा नाही असं धरून केला. प्रत्यक्षात खाली भिंत आणि वर मोकळं रान असेल, तर भटकणाऱ्या गुणाची सरासरी निवडीशिवायही वरच सरकते. डॅनियल मॅक्शे यांनी १९९४ मध्ये अशा आपोआप घडणाऱ्या कलांना (ट्रेंडना) खऱ्या ढकलल्या गेलेल्या कलांपासून वेगळं करण्याच्या कसोट्या मांडल्या. त्यातली एक अगदी सोपी आहे: सरासरीबरोबर किमान मूल्यही वर जातंय का ते पाहा. किमान जागच्या जागी राहून फक्त पसारा वर वाढत असेल, तर भिंतीचा संशय आधी घ्या.

पायरी ३: नोंदी अशा ठेवा की नंतर प्रश्न विचारता येतील

प्रत्येक जीवासाठी क्रमांक, पालकाचा क्रमांक, जन्म आणि मृत्यूची वेळ, जनुकं आणि पिल्लांची संख्या, एवढं फाइलमध्ये गेलंच पाहिजे. फक्त सरासरीचे आकडे साठवले तर वंशावळ परत मिळवता येत नाही. दर काही पिढ्यांनी अख्खा समूह जसाच्या तसा साठवा. सातव्या पायरीत हे जुने जीव लागणार आहेत.

यादृच्छिक आकड्यांबद्दल एक बारकावा. जग आणि प्रजनन यांसाठी यादृच्छिक आकडे देणारा एकच जनरेटर वापरला, तर कोडमध्ये एक ओळ वाढवली की पुढचा सगळा क्रम बदलतो, आणि 'तेच जग, फक्त निवड वेगळी' अशी तुलना हातची जाते. अन्नाची मांडणी, पालकाची निवड आणि म्युटेशन यांना वेगवेगळे जनरेटर द्या. पायथनच्या नमपाय लायब्ररीत एका सीडपासून (जनरेटर ज्या आकड्यावरून सुरू होतो त्यापासून) असे अनेक स्वतंत्र प्रवाह काढण्याची सोय आहे. प्रत्येक फेरीची सीड नोंदवा.

पायरी ४: निवड काढून टाकलेलं जुळं चालवा

मार्क बेडाऊ आणि नॉर्मन पॅकार्ड यांनी १९९० च्या दशकात कृत्रिम जीवसृष्टीच्या अभ्यासात ही पद्धत रुजवली. मूळ मॉडेलशेजारी त्याची 'न्यूट्रल शॅडो' चालवायची. मूळ जगात ज्या क्षणी जन्म होतो त्या क्षणी सावलीतही जन्म, तिथे मृत्यू तर इथेही मृत्यू, म्युटेशनचा दर तोच. फरक एवढाच की सावलीत कोण जन्म देणार आणि कोण मरणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. मूळ जगात जे दिसलं ते सावलीतही तितकंच दिसत असेल, तर अनुकूलनाचा दावा तिथेच थांबतो.

इथे एक खाच आहे आणि ती गंभीर आहे. निवड चालू असते तेव्हा पिल्लांचं वाटप फार विषम होतं. थोड्यांना पुष्कळ पिल्लं, बाकीच्यांना शून्य. या विषमतेमुळे ड्रिफ्टही वाढतो. समजा तुमचा अल्गोरिदम दर पिढीत २०० पैकी वरच्या २० जीवांनाच पालक करतो. नजरेचा या क्रमवारीशी संबंध नसला, तरी तिच्या जनुकाचं भवितव्य २० जणांच्या हाती असतं. निम्म्या प्रमाणात असलेल्या रूपाचं एका पिढीतलं प्रमाण विचलन मग ०.०३५ राहत नाही, ०.११ होतं. तिपटीहून जास्त. साध्या सावलीत सगळे २०० पालक होऊ शकतात, म्हणून ती ड्रिफ्ट कमी दाखवते, आणि तिच्याशी तुलना केली की साधा योगायोगही अनुकूलनासारखा दिसतो.

यावर उपाय असा: दर पिढीत मूळ जगातली पिल्लांच्या संख्यांची यादी जशीच्या तशी घ्या, फक्त कोणती संख्या कोणाच्या वाट्याला जाते ते पिसून टाका. कोणाला तरी चौदा पिल्लं होतीलच, पण ती कोणाला हे चिठ्ठीवर. विषमता राखली जाते, गुणाशी असलेलं नातं तुटतं.

सावली फार काळ मोकळी सोडली तर ती मूळ जगापासून इतकी दूर जाते की तुलनाच निरर्थक होते. म्हणून ठराविक पिढ्यांनी सावलीला मूळ समूहाची प्रत देऊन पुन्हा सुरू करण्याची पद्धतही वापरात आहे. लांब फेऱ्यांसाठी मी तीच सुचवेन.

पिसलेल्या सावलीतही एक उणीव राहते. खऱ्या जगात यशस्वी घराणं पुढच्या पिढीतही यशस्वी असतं, कारण फायदा वारशाने जातो. पिसण्यात हे सातत्य मोडतं. ही उणीव पुढची पायरी भरून काढते.

पायरी ५: प्रत्येक जीवात साक्षीदार जनुकं बसवा

या लेखातली एकच गोष्ट वापरणार असाल, तर ही वापरा.

प्रत्येक जीवाला नजरेच्या जनुकाबरोबर आणखी ९९ जनुकं द्या, ज्यांचा शरीरावर, वागण्यावर, ऊर्जेवर कशावरच परिणाम होत नाही. ती फक्त वारशाने जातात आणि बदलतात. सुरुवातीचं मूल्य तेच: तीन. म्युटेशनची शक्यता तीच, पाऊल तेवढंच, खालची भिंत तीच. प्रत्येकाचं म्युटेशन मात्र स्वतंत्र फाशावर.

आता ४०० पिढ्यांनंतर या शंभरही जनुकांचा सरासरीतला बदल काढा आणि क्रम लावा. नजरेवर निवड झाली नसेल, तर ती या शंभरांतली एक साधी सभासद आहे. तिचा क्रमांक पहिला, सत्तेचाळिसावा किंवा शंभरावा, सगळ्यांची शक्यता सारखी. सर्वांत मोठा बदल नजरेचाच निघाला, तर ते निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता शंभरात एक. कुठलंही अवघड सूत्र लागत नाही.

ही पद्धत इतकी भक्कम का, तर साक्षीदार त्याच वंशावळीतून गेलेले असतात. पालकांची विषमता असो, मध्येच एखाद्या दुष्काळात समूह दहावर आलेला असो, एखाद्या जबरदस्त घराण्याने सगळं जग व्यापलेलं असो, नजरेला जे भोगावं लागलं ते साक्षीदारांनाही लागलं. समूहाचा प्रभावी आकार (ड्रिफ्टच्या हिशेबात समूह जेवढा मोठा धरावा लागतो तो आकडा) किती होता याचा अंदाज बांधायची गरजच राहत नाही. भिंतीमुळे होणारी आपोआप वाढही साक्षीदारांत उतरते. खऱ्या जीवांच्या जनुकीय अभ्यासात लेवोन्टिन आणि क्राकाउअर यांनी १९७३ मध्ये याच धर्तीची कल्पना मांडली होती: ड्रिफ्टचा परिणाम सगळ्या जनुकांवर सारखा होतो, मग जे जनुक बाकीच्यांपेक्षा फारच वेगळं वागतं त्यावर निवडीचा संशय घ्या. सिम्युलेशनमध्ये तर बाकीची जनुकं निरुपद्रवी असल्याची खात्री आपणच देऊ शकतो.

ती खात्री खरोखर करून घ्या. जीनोमच्या लांबीनुसार ऊर्जा आकारणारं मॉडेल असेल तर साक्षीदारांना त्या हिशेबातून वगळा. जोडीदार जनुकीय साम्यावरून निवडला जात असेल तर ते साम्य मोजताना साक्षीदार धरू नका, नाहीतर ते साक्षीदार राहत नाहीत. लैंगिक प्रजनन असेल तर जनुकांची सरमिसळ होते आणि प्रत्येकाची वंशावळ थोडी वेगळी पडते. तरीही पद्धत उपयोगी राहते, फक्त साक्षीदार जीनोमभर पसरून ठेवा.

पहिल्या पायरीतल्या बारा गुणांचा मुद्दा इथे स्पष्ट होतो. एका गुणाने ९९ साक्षीदारांना मागे टाकण्याची शक्यता १ टक्का. बारा गुणांपैकी किमान एकाने तसं करण्याची शक्यता साधारण ११ टक्के. म्हणून गुण आधी निवडायचा, किंवा सगळ्या गुणांसाठी मिळून साक्षीदार वाढवायचे.

आणि क्रमाच्या दुसऱ्या टोकाकडेही बघा. अनेक फेऱ्यांत साक्षीदार सैरावैरा भटकतायत आणि नजर मात्र प्रत्येक वेळी तीनच्या आसपासच आहे, तर तीही निवडच आहे. बदल रोखून धरणारी. आलेख सपाट आहे म्हणून 'उत्क्रांती झाली नाही' असं लिहून मोकळे झालात, तर कदाचित सगळ्यांत भक्कम निवडीचा पुरावा हातातून सुटेल.

पायरी ६: फेऱ्या किती लागतील ते आधी ठरवा

एका फेरीवर दावा उभा करू नका, इतकं बहुतेकांना माहीत असतं. किती फेऱ्या पुरेत, हे मात्र फायदा किती मोठा आहे त्यावर ठरतं. मोटू किमुरा यांच्या १९६२ च्या सूत्रावरून अंदाज घेता येतो. २०० चा समूह, निम्म्यावरून सुरुवात, अर्धा टक्का फायदा: ते रूप शेवटी सगळीकडे पसरण्याची शक्यता ७३ टक्के. फायदा नसता तर ५०. वीस फेऱ्यांत साधारण पंधरा वेळा ते जिंकेल. निवड नसताना वीसपैकी पंधरा किंवा जास्त वेळा जिंकण्याची शक्यता २ टक्के आहे, म्हणजे पंधरा मिळाले तर पुरावा बरा. पण खरा फायदा असूनही जवळपास निम्म्या वेळा पंधराचा आकडा गाठलाच जाणार नाही. शंभर फेऱ्या केल्या की ७३ आणि ५० यांतला फरक स्पष्ट दिसतो.

फायदा १ भागिले समूहाचा आकार, इथे अर्धा टक्का, याच्या बराच खाली असेल तर ड्रिफ्ट त्याला गिळून टाकतो. तसा फायदा त्या समूहात अनुकूलन घडवतच नाही म्हटलं तरी चालेल. नव्याने आलेल्या एकुलत्या एक म्युटेशनची अवस्था तर आणखी नाजूक. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२७ मध्येच दाखवलं होतं की अशा म्युटेशनची टिकण्याची शक्यता फायद्याच्या साधारण दुप्पट असते. १ टक्का फायदा असेल तर शंभरपैकी अठ्ठ्याण्णव वेळा ते नष्ट होतं. चांगलं म्युटेशन तुमच्या फेरीत हरलं, म्हणून ते वाईट ठरत नाही.

फेऱ्याफेऱ्यांत एकच निकाल येणं हा निवडीचा चांगला पुरावा आहे. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या ई. कोलाय जिवाणूंच्या प्रयोगात बाराही समूहांत वाढीचा वेग वाढला आणि पेशी मोठ्या झाल्या. पण दोन्ही बाजूंनी सावध राहावं लागतं. त्याच प्रयोगात ऑक्सिजन असताना सायट्रेट खाण्याची क्षमता बारापैकी एकाच समूहात आली, आणि ती त्या समूहाला उघडच फायद्याची होती. दुर्मीळ आहे म्हणून योगायोग, असं म्हणता येत नाही. उलट, तुमच्या मॉडेलमध्ये जीनोममध्ये भर पडण्याची शक्यता गळती होण्यापेक्षा जास्त असेल, तर प्रत्येक फेरीत जीनोम लांबत जाईल, आणि त्यात निवडीचा काडीचाही वाटा नसेल. असा कल सावलीतही दिसतो, म्हणून चौथी पायरी इथेही लागते.

पायरी ७: पूर्वज आणि वंशज समोरासमोर आणा

आतापर्यंत आपण इतिहासाची छाननी केली. आता थेट विचारायचं: नंतरचा जीव आधीच्यापेक्षा त्याच जगात खरंच सरस आहे का? लेन्स्की यांच्या प्रयोगात पूर्वज गोठवून ठेवले आहेत. ते वितळवून वंशजांबरोबर एकाच भांड्यात वाढवतात, आणि ॲरॅबिनोज साखर पचवण्यातल्या एका निरुपद्रवी फरकामुळे वाढलेल्या वसाहती लाल आणि पांढऱ्या अशा ओळखू येतात. आपल्याकडे साठवलेले समूह आहेत आणि खुणेसाठी एक साक्षीदार जनुक पुरेसं आहे.

दोघे निम्मे-निम्मे सोडा आणि दोघांच्या संख्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम दर पिढीला किती बदलतो ते मोजा. तो दर म्हणजे फायदा. आणि इथे सिम्युलेशनची खास मुभा वापरा: मूळ फेरी २०० जीवांची असली तरी ही कसोटी १०,००० जीवांवर घ्या. १ टक्का फायदा असलेला वंशज पन्नास पिढ्यांत ५० वरून ६२ टक्क्यांवर जातो. २०० च्या समूहात ड्रिफ्टचं प्रमाण विचलन साडेतेवीस टक्के, त्यात ही १२ टक्क्यांची वाढ बुडून जाईल. १०,००० मध्ये ते साडेतीन टक्के, त्यामुळे वाढ ठळक दिसेल. पट मात्र त्याच प्रमाणात मोठा करा, म्हणजे दर जीवामागे अन्न आणि जागा तेवढीच राहील.

एकाच प्रमाणावर थांबू नका. वंशज १० टक्के असताना आणि ९० टक्के असतानाही तपासा. टॉम रे यांच्या टिएरा या सिम्युलेशनमध्ये, जिथे जीव म्हणजे स्वतःची प्रत काढणारे छोटे प्रोग्रॅम, ८० सूचनांच्या पूर्वजापासून ४५ सूचनांचे परजीवी उत्क्रांत झाले. यजमान भरपूर असताना ते झपाट्याने वाढत, पण एकटे ठेवले तर स्वतःची प्रतसुद्धा काढू शकत नसत. अशा जिवाचा फिटनेस, म्हणजे पुढच्या पिढीत पसरण्याची क्षमता, एका आकड्यात सांगताच येत नाही. सोबत कोण आहे त्यावर तो ठरतो.

पायरी ८: संशयित जनुक एकटं बदलून पाहा

वंशज जिंकला, म्हणजे त्याच्यातलं प्रत्येक जनुक फायद्याचं झालं असं नाही. लैंगिक प्रजनन नसलेल्या समूहात एक उत्तम म्युटेशन पसरलं की त्याच्याबरोबर त्या जीनोममधलं सगळं काही बिनतिकिटाच्या प्रवाशांसारखं पसरतं. नजर वाढली ती पचनाच्या जनुकाच्या पाठीवर बसून, असंही असू शकतं. शंका फेडायची तर वंशजाचा जीनोम घ्या, फक्त नजर परत तीनवर आणा, बाकी काही बदलू नका, आणि या दोघांची सातव्या पायरीसारखी स्पर्धा लावा. मग उलटही करा: पूर्वजाला फक्त नवी नजर द्या. दोन्हींचे निकाल वेगळे आले तर घाबरू नका; नजरेचा फायदा इतर जनुकांवर अवलंबून आहे, असा त्याचा अर्थ.

या तपासणीचं सर्वांत सुंदर उदाहरण अव्हिडामध्ये आहे. लेन्स्की, ओफ्रिया, पेनॉक आणि अडामी यांनी २००३ मध्ये ५० समूहांत 'ईक्यूयू' हे अवघड तार्किक काम उत्क्रांत होतं का ते पाहिलं. २३ समूहांत ते झालं. सोप्या कामांचं बक्षीस काढून फक्त या अवघड कामालाच बक्षीस ठेवलं, तेव्हा ५० पैकी एकाही समूहाला ते जमलं नाही. परिस्थिती बदलून घेतलेली ही कसोटीच सांगते की सोप्या पायऱ्यांवरच्या निवडीशिवाय तिथे पोचता येत नव्हतं. त्यांनी वंशरेषेतली एकेक सूचना निकामी करूनही पाहिली. एका समूहात हे काम साधण्याच्या लगेच आधीचं म्युटेशन चांगलंच हानिकारक होतं, तरी नंतर ते एकटं मागे फिरवल्यावर नवीन क्षमताही गेली. आला तेव्हा योगायोगाने तगलेला बदल पुढे अनुकूलनाचा आधार झाला होता. म्हणून 'हे म्युटेशन अनुकूलन की ड्रिफ्ट' हा प्रश्न नेहमी पिढीच्या क्रमांकासह विचारा: ते आलं तेव्हा, की आज?

निकालात काय लिहायचं

एखादा गुण 'अनुकूलन आहे' किंवा 'ड्रिफ्ट आहे' असं एका शब्दात सांगण्यापेक्षा कोणता वाटा कशाचा, हे सांगणं जास्त खरं असतं. ट्रॅव्हिसानो, मोंगोल्ड, बेनेट आणि लेन्स्की यांनी १९९५ मध्ये त्यासाठी एक आराखडा दिला. वेगवेगळ्या इतिहासाचे काही पूर्वज घ्यायचे, प्रत्येकाच्या अनेक प्रती नव्या परिस्थितीत उत्क्रांत करायच्या. सर्वांची सरासरी एका दिशेने सरकली तर ते अनुकूलन, एकाच पूर्वजाच्या प्रतींमध्ये पडलेला फरक हा योगायोग, आणि पूर्वजापूर्वजांत टिकून राहिलेला फरक हा इतिहास. त्यांना फिटनेसमध्ये अनुकूलनाचा वाटा मोठा दिसला, तर पेशीच्या आकारासारख्या फिटनेसशी सैल नातं असलेल्या गुणात योगायोग आणि इतिहास यांचा. आपल्या पटावर हे करायला पाच-सहा पूर्वज आणि प्रत्येकाच्या दहाएक प्रती पुरतात.

शेवटी म्युटेशनच्या दराबद्दल, कारण सातव्या पायरीचा निकाल त्यावर उलटू शकतो. स्पर्धा लावताना म्युटेशन बंद ठेवलं तर मोजमाप स्वच्छ येतं, आणि बहुतेक वेळा तेच योग्य. पण विल्के आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अव्हिडामध्ये दाखवलं की म्युटेशनचा दर खूप जास्त असेल, तर हळू वाढणारे पण म्युटेशनचे धक्के पचवणारे जीव वेगाने वाढणाऱ्यांना हरवतात. अशा फेरीतला वंशज म्युटेशन बंद असलेल्या कसोटीत पूर्वजाकडून हरेल, आणि तुम्ही त्याला ड्रिफ्टचा बळी ठरवाल. म्हणून मूळ फेरीत म्युटेशनचा दर जास्त असेल तर स्पर्धा दोनदा लावा, एकदा म्युटेशन बंद ठेवून आणि एकदा मूळ फेरीइतक्याच दराने, आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा.